खळ्यावरचा कीबोर्ड

शुक्रवार, १२ ऑक्टोबर २००१

आज डोकं फिरलंय. वहीवर पेन रुततंय, रुतू दे.

सूरज आला होता शाळेत. मागच्या मार्चात दहावी झालेला, एकसष्ट टक्के. डोळखांबच्या वरच्या पाड्यावरून रोज दीड तास चालत यायचा आणि तरी कधी उशीर नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत एका गोदामात मुलं घेत होते, तिथे गेला होता. हिशेब घातला, तो केला. इंग्रजी पत्र दिलं, ते वाचलं. मग साहेबाने विचारलं, कॉम्प्युटर येतो का? नाही म्हटल्यावर फाईल परत हातात. वर साहेब म्हणतो, "तुमच्या शाळेला तर चार कॉम्प्युटर मिळालेत ना? पेपरात फोटो होता."

सूरज माझ्यासमोर उभा. "बाई, मी काय सांगू त्यांना? हायेत, पण आमाला दाखवत नाय, असं सांगू?"

गणिताची बाई मी, चौदा वर्षं शिकवतेय, आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर नाही!

गेल्या वर्षी ऑगस्टात मुंबईच्या एका ट्रस्टने चार कॉम्प्युटर दिले. त्या दिवसापासून ती खोली बंद. दाराला लाल रिबीन बांधलेली, उद्घाटनाची. कुणीतरी मोठा माणूस येणार, कात्री लावणार, मग दार उघडणार. चौदा महिने झाले. रिबीन लालची गुलाबी झाली. पोरं दहावी होऊन गेली.

सूरजची बहीण राही यंदा नववीत आहे, माझ्याच वर्गात. तिचं असं होऊ देणार नाही. लिहून ठेवलं.

शनिवार, १३ ऑक्टोबर

हेडसरांशी भांडले. सरळ भांडलेच.

म्हटलं, रिबीन मी कापते, घरून कात्री आणलीय. हेडसर घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. "बाई, अध्यक्षांना विचारल्याशिवाय नाही." अध्यक्ष म्हणजे जयरामशेठ, संस्था त्यांची. त्यांना पाहुणा मिळत नाही आणि पाहुण्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही.

मग कारणांची माळ. धूळ बसेल. गॅरंटी जाईल. मुलांच्या हाताला चिखल असतो. "शिवाय बिघडला तर जबाबदार कोण?"

मी म्हटलं, चौदा महिन्यांत एक तरी बिघडला का? म्हणाले, "बघा, एकसुद्धा नाही!" वर अभिमानाने!

गुरुवार, २५ ऑक्टोबर

उद्या दसरा, म्हणून आज शाळेत सरस्वतीपूजन. नथूमामा शिपायाने रिबीन न सोडता, खालून वाकून, दार उघडलं. (म्हणजे वाकून आत जाता येतं. हे कुणी बोललं नव्हतं!) चारही कॉम्प्युटरना हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. मुलींनी बाहेरूनच हात जोडले. राहीने माझ्या कानाशी विचारलं, "बाई, यांच्या अंगावरचं पलास्टिक तरी काढायचं ना पूजेला?"

कुंकू प्लास्टिकवरच लागलं. कुलूप परत लागलं.

रविवार, ४ नोव्हेंबर

भाकऱ्या भाजताना सुचलं. तवा उतरवून आधी जुनी वही शोधली.

मागच्या उन्हाळ्यात ठाण्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, कॉम्प्युटरचं. बारा शिक्षकांत एक मशीन. माझा हात त्याला लागला तो एकूण अकरा मिनिटं, घड्याळ बघितलं होतं. बाकीचा वेळ मी मागच्या बाकावर बसून कीबोर्ड उतरवून घेतला. एकूण एक बटण, जिथल्या तिथे. ती वही सापडली!

यांना दाखवली. हे म्हणाले, "आता हे काय नवीन? सुट्टी लागलीय, स्वस्थ बस जरा." आमच्या सापगावात सगळेच स्वस्थ बसलेले आहेत. एक माणूस कमी पडला तर बिघडत नाही.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

झालं! केलंच.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, आणि आज शेवटच्या दोन तासांना नववीला अंगणात काढलं. पिंपळाच्या बाजूची जागा चोपून, सारवून घेतली. सध्या घरोघरी भाताची खळी तयार होताहेत, पोरींना काही शिकवावं लागलं नाही. मलाच शिकवलं त्यांनी. "बाई, पाणी कमी घाला, नायतर पोपडे निघतील."

सुकल्यावर कबड्डीच्या मैदानाला लागते ती फक्की पाण्यात कालवली आणि वहीत बघून कुंच्याने आखला. सहा पावलं रुंद, पंधरा पावलं लांब. एकेक बटण पाटीएवढं. खाली स्पेसचा लांब पट्टा, उजवीकडे एंटर सगळ्यात मोठा. मग मी एक शब्द सांगितला आणि लंगडी घालत त्या अक्षरांवरून जायला सांगितलं.

कुणी पुढे येईना. शेवटी राही आली. पण पाय टाकेना. वाकली, एसच्या अक्षराला हात लावला, कपाळाला लावला, मग उडी. पुढच्या अक्षराला परत वाकली. एक शब्द पुरा व्हायला पाच मिनिटं! बाकीची हसली नाहीत. सगळ्यांनी तसंच केलं.

हेडसर व्हरांड्यातून बघत होते. म्हणाले, "हा कार्यक्रम कुठल्या तासात बसतो?" मी म्हटलं, कुलूप कुठल्या तासात बसतं ते सांगा, त्याच्या शेजारी लिहा.

सोमवार, ३ डिसेंबर

सकाळी फाटकात कमळू उभा, राहीचा बाप. हात जोडलेले, पण चेहरा कडक. मागे पाड्यावरची आणखी तीनचार माणसं.

"बाई, आमी अडानी मानसं. पण कागदाला पाय लागला त आमी पाया पडतो. आन तुमी आमच्या पोरींना एबीशीडीवर नाचवता?"

मला इतका राग आला! वाटलं, सांगावं— बाबा रे, ज्यांनी तुझ्या पोराची नोकरी घालवली त्यांच्या दारात जा की! तिथे नाही जात, माझ्याकडे येतोस. थोडं बोललेच. सूरजचं नाव काढलं. तेव्हा तो खाली बघायला लागला.

मग त्याला अंगणात नेलं. सगळं समजावलं, हे काय, कशासाठी, हेच बटण खऱ्यावर कुठे असतं. तो उकिडवा बसून सारवण हाताने चाचपत होता. पोपडा कुठे निघालाय ते बघत होता. मग म्हणाला, "हे खळं हाय होय. मंग असं सांगा ना."

"खळं म्हणजे?"

"खळ्यात भात पायाखाली येतोच की, बाई. मळणी कशी व्हायची नायतर? पर आधी वहाना काढायच्या, खळ्याच्या पाया पडायचं, मंग उतरायचं. येकदाच पडायचं. दर दान्याला कोन पडतो?"

चौदा वर्षांत माझ्या डोक्यात जे आलं नाही ते त्याने दोन मिनिटांत सोडवलं. जाताना स्वतः वहाणा काढून, पाया पडून, एका पायावर उडी मारून बघितली. कुठल्या अक्षरावर पडला विचारलं तर राही म्हणाली, "बाबा, तुमी केवर पडलात. तुमचाच के!" कमळू लाजला.

आता पोरं एकदाच पाया पडतात आणि सुटतात. नावही पडलं. "बाई, खळ्यावर जायचं?"

मंगळवार, १८ डिसेंबर

राहीने आज डोळे बांधून शहापूर लिहिलं. एस-एच-ए-एच-ए-पी-यू-आर, शेवटी एंटरवर दोन्ही पाय. एकही रेघ पुसली नाही. आणि वीस हातांवर ती कुलूपबंद खोली!

बुधवार, ९ जानेवारी २००२

ट्रस्टचं पत्र आलंय. एकवीस तारखेला माणसं येणार. कॉम्प्युटरचा वापर बघणार. वापर दिसला नाही तर मशीन परत नेऊन दुसऱ्या शाळेला देणार, तसं करारातच आहे म्हणे. करार आम्हाला कुणी दाखवला होता?

वाटलं, बरं झालं! आता तरी उघडतील, बारा दिवस आहेत, मुलांना बसवतील. मूर्ख मी.

बैठक झाली. जयरामशेठ म्हणाले, "काय काळजी करू नका. आमचा ओमकार येईल." ओमकार त्यांचा पुतण्या. कल्याणला शिकतो, घरी कॉम्प्युटर आहे. त्या दिवशी तो आमचा गणवेश घालून खुर्चीत बसणार आणि आमच्या शाळेचा विद्यार्थी म्हणून चालवून दाखवणार!

मी उभी राहिले. म्हटलं, बारा दिवस राहीला द्या. तिला सगळी बटणं पाठ आहेत, डोळे झाकून.

"कुठे पाठ आहेत? शेणात?" शेठ हसले. सगळे हसले. हेडसर हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. ते मला जास्त लागलं. शेठ बेरकी आहे, त्याच्याकडून अपेक्षा नाही. पण हा माणूस स्वतः टोकावड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, कंदिलावर शिकलेला. रोज परिपाठाला सांगतो मुलांना. त्याला लाज वाटू नये?

सोमवार, २१ जानेवारी

नीट लिहायला हवं. सगळं जसं झालं तसं.

अकरा वाजता गाडी आली. ट्रस्टच्या नम्रता मॅडम, तरुण, बोलायला गोड, आणि आणखी दोन साहेब. "वापर चालूच आहे, उद्घाटन तेवढं राहिलंय," म्हणत शेठनी त्यांच्याच हातून रिबीन कापून घेतली. सतरा महिन्यांनी! ओमकार खुर्चीत. सदरा दुसऱ्या कुणाचा, बाह्या कोपराच्या वर. त्याने चित्र काढलं, रंग भरला. साहेब खूश. चारच मिनिटं झाली असतील आणि लाइट गेली.

पडदे लावलेली खोली, अंधार गुडूप. शेठ नथूमामावर ओरडले, जसं काही मामांनीच तार तोडली. नम्रता मॅडमने सहज विचारलं, "लाइट गेल्यावर मुलं सराव कसा करतात?"

मीच बोलले. इतके महिने साठलेलं होतं. म्हटलं, लाइट असतानाही कशी करतात ते बघायला चला. आणि अक्षरशः पुढे होऊन त्यांना अंगणात नेलं. नववी झाडाखाली बसलेली होती. राही उठली. वहाणा काढल्या, पाया पडली, उतरली. मॅडमने स्वतः शब्द दिला, त्यांच्या ट्रस्टचं नाव, चांगलं सव्वीस अक्षरांचं. राही भिंगरीसारखी फिरली. एक चूक नाही.

मी म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांसमोर— "खोलीत चार कॉम्प्युटर असताना ही मुलं मातीवर शिकताहेत. दीड वर्षात यांच्यातल्या एकाचंही बोट खऱ्या बटणाला लागलेलं नाही. हे बघा आणि काय ते ठरवा."

वाटलं होतं, त्यांची मान खाली जाईल. निदान शेठची तरी.

टाळ्या वाजल्या! मॅडमच्या डोळ्यांत पाणी. "अमेझिंग! शेणामातीतून!" एक साहेब कॅमेरा घेऊन पिंपळाच्या पारावर चढले. राहीला तीनदा परत उडी मारायला लावली, फोटोसाठी. शेठ लगेच पुढे, "आमच्या संस्थेचाच उपक्रम." माझ्या हातात नारळ, खांद्यावर शाल. ती शाल कुणा मंत्र्यासाठी आणून ठेवलेली असणार.

आणि खोटं कशाला लिहू? टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरं वाटलं. पाच मिनिटं चांगलं बरं वाटलं. मी काय बोलले ते कुणी ऐकलंच नाही हे मला एसटीत बसल्यावर कळलं.

मंगळवार, २२ जानेवारी

लाइट काल गाडी फाटकाबाहेर पडताच आली होती. राही धावत आली, "बाई, लाइट आली!" तोवर नथूमामा कुलूप लावत होते. हेडसरांचा हुकूम. आज विचारलं तर म्हणाले, "काल काम झालं ना?"

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

पत्र आलं. हेडसरांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. आवाज आनंदाचा.

ट्रस्ट आमच्या शाळेवर अतिशय खूश आहे. आमच्या मुलांनी दाखवून दिलं की शिकण्याला यंत्र लागत नाही, जिद्द लागते. म्हणून येत्या वर्षी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या तीस शाळांमध्ये, कॉम्प्युटर देण्याऐवजी, जमिनीवर कीबोर्ड आखून देणार. वीज नको, दुरुस्ती नको. मार्गदर्शक म्हणून माझं नाव. आणि आमचे चार कॉम्प्युटर, "जिथे त्यांची अधिक गरज आहे अशा" शहरातल्या शाळेला.

जिथे अधिक गरज आहे!

मी मधेच उठले. कप फुटला, माझ्याच हातून. सगळ्यांना वाटलं आनंदाने निसटला. "बाई, तीस शाळा! तुमचं नाव झालं!"

मी हे केलं. शेठनी नाही, हेडसरांनी नाही. त्यांनी फक्त चार बंद ठेवले होते. माझ्यामुळे तीस शाळांचे यायचे थांबले. उपाशी मुलाला गप्प करायला भाकरीचं चित्र काढून दिलं, तर बघणारे म्हणतात याचं चित्रावर भागतं!

मॅडमना पत्र लिहिलं, चार पानी. खळं हे नाइलाजाने केलं होतं, आम्हाला मशीनच हवं. उद्या सापगावच्या पोस्टात टाकते.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

टेंपो आला. उत्तर नाही आलं, टेंपो आला.

नथूमामांनी खोकी जपून ठेवली होती, त्याच खोक्यांत सगळं परत गेलं. मोठे डबे त्यांनी आणि ड्रायव्हरने नेले. कीबोर्डचं एक खोकं फाटलं होतं, म्हणून तो एक सुटाच न्यायचा होता. राहीने विचारलं, "मामा, तो मी नेऊ?" मामांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

दोन्ही तळहातांवर धरून तिने तो खोलीपासून टेंपोपर्यंत नेला. प्लास्टिकवर दसऱ्याचं कुंकू अजून होतं. चाल इतकी हळू की ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. चढवायच्या आधी तिने एका कोपऱ्यातलं प्लास्टिक बोटाने वर केलं आणि एक बटण दाबलं. टक् झालं. बस. नंतर म्हणाली, "बाई, किती मऊ हाय. जोर लावायलाच लागत नाय."

खोलीत आता संस्थेच्या खुर्च्या ठेवणार आहेत. दाराला कुलूप नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

शनिवारी तीस शाळांचे मुख्याध्यापक येणार. खळं बघायला! मॅडम येणार, फोटो निघणार, मांडव पडणार. जयरामशेठनी फक्की नवी मागवलीय. हेडसर स्वतः उभे राहून रेघा गिरवून घेताहेत. "एंटर जरा ठळक करा." धूळ नको म्हणून भोवती दोरी बांधलीय. तिला लाल रिबीन!

आज हेडसरांना म्हटलं, मी कार्यक्रमाला उभी राहणार नाही. ते प्रथमच ओरडले. "मग काय करू मी? सांगा ना! माझी अडीच वर्षं राहिलीत. मशीन बिघडलं असतं तर शेठने मला उभा कापला असता, आता कौतुक होतंय तर तुम्ही उभ्या राहत नाही. मी पण एक माणूसच आहे, बाई." आणि मग हळू, "मला तर चालूही करता येत नव्हतं ते. कुणाला विचारणार होतो?"

सतरा महिने! हे आधी सांगितलं असतं तर! मला येत होतं की. अकरा मिनिटांचं का होईना, चालू करायला येत होतं. मी दाखवलं असतं. पण मी तरी त्यांना कधी विचारलं? कात्री घेऊन गेले होते.

राग तरीही गेलेला नाही. उलट जागा राहिली नाही तो ठेवायला.

राहीला सांगितलं, शनिवारी तुला उडी मारायची आहे. ती म्हणाली, "मॅडम परत देतील का मग?" मी नाही म्हटलं. का नाही, ते विचारलं. म्हटलं, त्यांना वाटतं आपल्याकडे हा मातीचा आहे ना, मग तो खरा कशाला. ती पिंपळाकडे बघत बसली.

शनिवार, २ मार्च

सकाळची शाळा, म्हणून पहिल्या एसटीने आले. मांडव उभा. रिबीन सुटून बाजूला घडी घालून ठेवलेली. अंगण ओलं, हिरवं, गुळगुळीत. एक कोपरा सोडला तर एकही रेघ नाही. राही कोपरापर्यंत शेणाने माखलेली, गुडघ्यावर, मागे मागे सरकत येत होती. वहाणा कडेला काढून ठेवलेल्या.

मला बघून थांबली नाही. "बाई, आता हा बी नाय. आता त देतील ना खरा?"

फाटकाबाहेर गाडीचा आवाज आला. फक्त एंटर सारवायचा राहिला होता. मी चप्पल काढली, पाया पडले, आणि तिच्या बादलीत हात घातला.